हात जातो तेव्हा

२००१ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या के क्लब या मैदानावर युरोपियन ओपन ही गोल्फ स्पर्धा चालू असताना २५ वर्षांच्या एका स्वीडिश खेळाडूने अठरापैकी नऊ होल खेळून झाल्यावर मैदान सोडले. काही आठवड्यांपूर्वीच इंग्लंडमधल्या बेल्फ्री मैदानावर बेन्सन अँड हेजेस इंटरनॅशनल ओपन जिंकून त्याने युरोपियन टूरवरचे आपले पहिले विजेतेपद मिळवले होते, आणि त्याच्याआधीच्या वर्षी दुय्यम दर्जाच्या चॅलेंज टूरवर तो गुणानुक्रमात पहिला आला होता. म्हणजे ज्याच्याकडे सगळे उगवता तारा म्हणून पाहत होते, असा हा मुलगा. तो अर्ध्या फेरीतून परत फिरला याचे कारण एवढेच होते की आपण मारलेला चेंडू डावीकडे जाईल की उजवीकडे, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हते. हेन्रिक स्टेन्सन हे त्याचे नाव. पुढे पंधरा वर्षांनी, २०१६ मध्ये, ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी त्याने जी फेरी खेळली ती या स्पर्धेच्या दीड शतकाच्या इतिहासातील सर्वोत्तम फेऱ्यांमध्ये गणली जाते. मला मात्र त्या दोन दिवसांच्या मधला काळ अधिक ओढून घेतो.

मी गोल्फ खेळत नाही. हा खेळ समजायला लागला तो दूरचित्रवाणीवर, आणि तोही उशिरा. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला गोल्फ आधी कंटाळवाणा वाटतो आणि मग हळूहळू त्यातली क्रूरता दिसू लागते. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचार करायला वेळ नसतो, शरीर आपले आपण उत्तर देते आणि चुकले तर गोलंदाजाला श्रेय देऊन मोकळे होता येते. गोल्फमध्ये चेंडू गवतावर स्वस्थ पडलेला असतो. तो फिरत नाही, उसळत नाही, कोणी टाकलेलाही नसतो. चार-साडेचार तासांच्या फेरीत प्रत्यक्ष फटके मारण्यात जाणारा वेळ काही मिनिटांचा, उरलेला सगळा वेळ चालण्याचा आणि विचारांचा. ड्रायव्हर नावाची सर्वांत लांब काठी साधारण ४५ इंचांची असते. तिचा चेहरा चेंडूला भिडताना दोन-तीन अंशांनी उघडा किंवा मिटलेला राहिला, तर पावणेतीनशे यार्डांवर पडणारा चेंडू फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, सोडून झाडीत, तळ्यात किंवा लोकांच्या अंगावर जातो. हे दोन-तीन अंश डोळ्यांना दिसत नाहीत. ते हाताला कळायचे असतात, आणि हाताला कळेनासे झाले की डोके मध्ये पडते. डोके मध्ये पडले की सगळे बिघडते.

हे मला समजते, कारण लहानपणी मी दहा-अकरा वर्षे तबला शिकलो. हात बसला होता असे म्हणायला हरकत नाही. गावातल्या भजनांना, एखाद्या छोट्या मैफिलीला साथ करण्याइतपत तयारी झाली होती. एका पावसाळ्यात, काही दुखापत नसताना, कुठला धक्का बसलेला नसताना, तीनतालाच्या साध्या कायद्यात माझी बोटे अडखळू लागली. जे बोल झोपेतही वाजत होते ते जागेपणी वाजेनात. जितके लक्ष द्यावे तितके ते अधिक फिसकटत. आमचे गुरुजी याला ‘हात जाणे’ म्हणत आणि ते शब्द उच्चारताना आवाज जरा खाली आणत, घरातल्या आजारपणाबद्दल बोलावे तसा. माझा हात परत आला, पण पूर्वीसारखा कधीच नाही. माझे त्यात काही मोठे गेले नाही, पोट त्यावर नव्हते. पोट ज्याच्यावर आहे त्याचा हात जातो तेव्हा काय होत असेल, हा प्रश्न मात्र तेव्हापासून मनात राहिला आहे, आणि स्टेन्सनची कारकीर्द मी जी इतक्या जवळून पाहत आलो ती त्या प्रश्नामुळेच.

त्याचा जन्म ५ एप्रिल १९७६ चा, गोथेनबर्गचा. वर्षातले जेमतेम सहा महिने मैदाने खुली राहणाऱ्या, हिवाळ्यात छताखाली जाळीत चेंडू मारणाऱ्या देशात एवढे चांगले गोल्फपटू का निपजतात, याची चर्चा गोल्फच्या जगात नेहमी होते. त्यात एक गोष्ट बरेचदा विसरली जाते. स्वीडनला गोल्फच्या नकाशावर प्रथम आणले ते तिथल्या बायकांनी. लिसेलॉट नॉयमनने १९८८ मध्ये अमेरिकेची महिला ओपन जिंकली, १९९३ मध्ये हेलन आल्फ्रेडसनने एक मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक, जिंकली, आणि १९९५ पासून आनिका सोरेनस्टामने जे सुरू केले ते १० मेजर आणि एलपीजीए या अमेरिकेतल्या महिला टूरवरच्या ७२ विजेतेपदांपर्यंत पोचले. त्या पिढीला घडवणाऱ्या राष्ट्रीय प्रशिक्षक पिया नील्सन यांनी खेळाडूंसमोर ५४ हा आकडा ठेवला होता. अठरा होलांना मिळून ७२ फटके अपेक्षित असलेल्या मैदानावर (या अपेक्षित आकड्याला पार म्हणतात) प्रत्येक होलला एक फटका वाचवला तर फेरी ५४ मध्ये संपते. आजवर कोणी तसे खेळलेले नाही, पण ते अशक्य आहे असे कुठे लिहिलेले नाही, असा तो विचार.

पुरुषांच्या वाट्याला मात्र हुलकावण्याच आल्या. टोपीची झाप वर दुमडून खेळणारा येस्पर पार्नेविक १९९४ मध्ये टर्नबेरीला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या होलवर आला तेव्हा पुढे होता, पण त्याने धावफलकाकडे न पाहण्याचा पण केला होता. आपल्याला अजून एक बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) हवी आहे असे समजून तो धोका पत्करायला गेला, एक फटका गमावला आणि मागून येणाऱ्या निक प्राइसने चषक नेला. १९९७ मध्ये रॉयल ट्रून या मैदानावर तोच पार्नेविक शेवटच्या दिवशी दोन फटक्यांच्या आघाडीने उतरला आणि जस्टिन लेनर्डच्या मागे पडला. ट्रून हे नाव लक्षात ठेवावे.

के क्लबवरून परतलेल्या स्टेन्सनकडे येऊ. पुढची दोन-तीन वर्षे त्याने जे भोगले त्याला गोल्फमध्ये सौम्य शब्द नाही. जागतिक क्रमवारीत तो सहाशेच्याही पलीकडे घसरला. टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, उभे राहून ड्रायव्हर हातात घेण्याचीच धास्ती वाटावी, अशी अवस्था. त्याच काळात त्याने यॉर्कशरचे प्रशिक्षक पीट कावन यांच्याबरोबर तांत्रिक पायाभरणी पुन्हा सुरू केली आणि मनाच्या बाजूसाठी स्वीडिश प्रशिक्षक टॉर्स्टन हान्सन यांची मदत घेतली. त्या उपचारातला एक भाग मला फार भावतो: तो डोळे मिटून चेंडू मारायचा. चेंडू कुठे गेला हे पाहायचेच नाही. काठीचे वजन, मनगटाचा कोन, पायाखालची जमीन, एवढेच जाणवू द्यायचे. हे वाचले तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो, कारण आमच्या गुरुजींनीही मला नेमके हेच सांगितले होते. कायदा सोड, दिवा मालव, डोळे मीट आणि नुसता ठेका धर. मी आठवडाभर केले आणि कंटाळलो. स्टेन्सनने कित्येक महिने केले. त्याच्यात आणि माझ्यात देणगीचा फरक अर्थातच आहे, पण या एका बाबतीत तरी फरक देणगीचा नव्हता, याची थोडी लाज मला अजून वाटते.

२००४ मध्ये इंग्लंडमधल्या वोबर्नला हेरिटेज स्पर्धा जिंकून तो परतला. आणि मग सप्टेंबर २००६ आला. युरोप आणि अमेरिका यांच्यात दर दोन वर्षांनी होणारी रायडर चषकाची लढत त्या वर्षी आयर्लंडमध्ये होती, त्याच के क्लबवर. स्टेन्सन युरोपच्या संघात प्रथमच आला होता. शेवटच्या दिवशीच्या एकेरीत त्याने व्हॉन टेलरला हरवले आणि ज्या पटने (चेंडू भोकात घालण्याच्या हलक्या फटक्याने) त्याचा सामना संपला, त्याच पटने युरोपचा विजय नक्की झाला. पाच वर्षांपूर्वी अर्धी फेरी सोडून तो ज्या आवारातून बाहेर पडला होता, तिथेच हे घडले. कथाकाराने असा योग जुळवला असता तर आपण त्याला भाबडा म्हटले असते. पण खेळाडूंचे आयुष्य ठरावीक मैदानांभोवतीच फिरत असते, आणि जुनी जागा पुन्हा समोर येणे हे तिथे अटळच असते. प्रश्न एवढाच, की तोपर्यंत तुम्ही खेळात टिकलेले असता का.

यानंतरची तीन वर्षे चढती. २००७ मध्ये दुबई डेझर्ट क्लासिक आणि त्यापाठोपाठ अ‍ॅरिझोनातली जागतिक मॅच प्ले स्पर्धा, २००८ मध्ये रॉबर्ट कार्लसनबरोबर स्वीडनसाठी विश्वचषक, आणि मे २००९ मध्ये फ्लोरिडात, ज्याला पाचवी मेजर म्हणण्याची पद्धत आहे ती प्लेयर्स चॅम्पियनशिप, शेवटच्या दिवशी ६६ ची फेरी खेळून, चार फटक्यांनी. या यशाच्या दोन महिने आधी तो जगभर प्रसिद्ध झाला होता तो निराळ्याच कारणाने. डोरल इथल्या स्पर्धेत चेंडू पाण्याच्या काठच्या चिखलात रुतला. अजून पंधरा होल खेळायचे होते आणि कपडे चिखलाने भरवायचे नव्हते. त्याने सदरा काढला, पॅंट काढली, आणि अंतर्वस्त्र व हातातला पांढरा मोजा एवढ्यावर चिखलात उतरून चेंडू बाहेर काढला. गोल्फसारख्या इस्त्रीच्या खेळात हे केवढे गहजबाचे! माझ्या दृष्टीने मात्र ते शुद्ध हिशेबाचे काम होते: एक फटका वाचत असेल तर वाचवावा. चेहऱ्यावर काही न दाखवणारा, आरशासारखे चष्मे लावणारा हा माणूस ‘आइसमन’ म्हणून ओळखला जातो, पण त्याचा विनोद असा कोरडा आणि त्याचा संताप मात्र चांगलाच ओला आहे, हे पुढे दिसलेच.

त्याच फेब्रुवारीत एक मोठे संकट कोसळले होते. अ‍ॅलन स्टॅनफर्ड हे नाव आपल्याकडे क्रिकेटवाल्यांना आठवत असेल. जून २००८ मध्ये लॉर्ड्सच्या हिरवळीवर हेलिकॉप्टरने उतरून, नोटांनी भरलेली पारदर्शक पेटी दाखवून, वीस षटकांच्या एका सामन्यासाठी दोन कोटी डॉलर देऊ करणारा हाच तो टेक्सासचा धनिक. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने त्याच्यासाठी पायघड्या घातल्या होत्या. त्याचे पुरस्कर्तेपण स्टेन्सनलाही लाभले होते, आणि स्टेन्सनने आपल्या कमाईचा मोठा भाग त्याच्याच संस्थेत गुंतवला होता. आठ महिन्यांत कळले की सगळा डोलारा एकाचे पैसे दुसऱ्याला देण्यावर उभा होता. सात अब्ज डॉलरच्या घरातला हा गैरव्यवहार, आणि २०१२ मध्ये स्टॅनफर्डला ११० वर्षांची शिक्षा झाली. स्टेन्सनचे पैसे गेले. या बातमीनंतर तीन महिन्यांच्या आत त्याने प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकली, हे मला आजही नवलाचे वाटते. कदाचित मोठा धक्का लगेच जाणवत नाही. मुका मार दुसऱ्या दिवशी ठणकतो, तसा तो मागाहून जाणवतो.

आणि तो मागाहून जाणवलाच. २०१० पासून खेळ पुन्हा ढासळू लागला. मध्ये आजारपण आले, तंत्रातले जुने दोष नव्या रूपाने परतले. २०१२ च्या सुरुवातीला जागतिक क्रमवारीत तो २३० वा होता. दोन मुले, पस्तिशी ओलांडलेली, बचत बुडालेली. पहिल्या वेळी त्याच्यापाशी तरुणपणाची बेफिकिरी होती, या वेळी तीही नव्हती. दुसऱ्यांदा हात जातो तेव्हा एक गोष्ट सोपी होते, कारण हा आजार बरा होतो हे माहीत असते. आणि एक गोष्ट फार अवघड होते, कारण बरे व्हायला किती वर्षे लागतात तेही माहीत असते.

तो पुन्हा कावन यांच्याकडेच गेला, पुन्हा पायापासून. एक व्यवहारी तोड त्याने या काळात पक्की केली ती मला त्याच्या सगळ्या खेळातली सर्वांत शहाणी वाटते. ज्या ड्रायव्हरने दोनदा दगा दिला, तो बहुतेक वेळा पिशवीतच ठेवायचा. टीवरून थ्री वूड घ्यायची, जिची दांडी आखूड, चेहरा थोडा कललेला आणि चेंडूवर ताबा अधिक. बाकीच्यांचे ड्रायव्हर जिथे पोचतात तिथवर त्याची थ्री वूड पोचायची, शिवाय फेअरवेच्या मध्यात. वर्षानुवर्षे त्याने तीच एक जुनी काठी वापरली, बाजारात तिच्या कितीतरी नव्या बहिणी येऊन गेल्या तरी. लांब पल्ल्याचे लोखंडी फटके मारण्यात तर त्याच्या तोडीचे फार थोडे होते. आवाजच वेगळा यायचा. मैदानावरचे ध्वनिग्राहक तो टिपत आणि समालोचक क्षणभर थांबत.

२०१३ हे साल असे आले की त्याची जुळवाजुळव सांगताना दम लागतो. जुलैत म्युरफील्डच्या ब्रिटिश ओपनमध्ये फिल मिकेल्सनच्या मागे तीन फटक्यांनी दुसरा, ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तिसरा, सप्टेंबरात बॉस्टनजवळची डॉइश बँक स्पर्धा जिंकली. मग शिकागोजवळच्या स्पर्धेत खेळ बिनसला, तेव्हा या आइसमनने रागाच्या भरात ड्रायव्हर मोडला आणि कपाटाची दारे फोडली. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पुढच्या आठवड्यात अटलांटात ईस्ट लेकला टूर चॅम्पियनशिप आणि त्याबरोबर एक कोटी डॉलरचा फेडेक्स चषक जिंकला, जो तोवर कुणाही युरोपियनाला मिळाला नव्हता. नोव्हेंबरात दुबईतली अंतिम स्पर्धा सहा फटक्यांनी जिंकून युरोपचा वार्षिक मानही घेतला. एकाच वर्षी अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे हे मान कोणी एकत्र मिळवले नव्हते. २१ महिन्यांपूर्वी जो २३० वा होता, तो.

तरीही मेजर नव्हती. वय चाळिशीला टेकले. आणि १४ जुलै २०१६ ला ब्रिटिश ओपन सुरू झाली ती रॉयल ट्रूनला.

ट्रून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एअरशरमध्ये आहे. समुद्राला लागून वाळूच्या टेकड्यांमधून गेलेले हे मैदान. आठवा होल इतका छोटा की त्याला ‘पोस्टेज स्टॅम्प’ म्हणतात, अकराव्या होलच्या कडेने रेल्वेची लाइन जाते, आणि जवळच्या प्रेस्टविक विमानतळावरची विमाने डोक्यावरून. पहिल्या दिवशी मिकेल्सनने ६३ फटक्यांत फेरी संपवली. शेवटच्या होलवरचा त्याचा पट भोकाच्या कडेला गिरकी घेऊन बाहेर राहिला. तो पडता तर ६२ झाले असते, आणि पुरुषांच्या मेजरमध्ये तोवर कोणीच ६२ खेळले नव्हते. तीन दिवस संपले तेव्हा स्टेन्सन पारपेक्षा १२ ने खाली, मिकेल्सन ११ ने खाली, बाकीचे बरेच मागे. रविवारी सकाळी पार्नेविकने स्टेन्सनला निरोप पाठवला की मला जे पुरे करता आले नाही ते तू पुरे कर. १९ वर्षांपूर्वी याच मैदानावर हरलेल्या माणसाचा हा निरोप. पार्नेविकला तो लिहिताना काय वाटले असेल, याचा विचार मी कधीकधी करतो.

आपल्याकडे ती रविवारची रात्र होती, बाहेर पाऊस लागला होता, आणि मी दहा मिनिटे पाहून झोपायचे ठरवून बसलो होतो. पहिल्याच होलवर स्टेन्सनला चेंडू भोकात घालायला तीन पट मारावे लागले. मिकेल्सनने बर्डी केली. आघाडी गेली. मला वाटले, झाले. इतक्या वर्षांच्या सवयीने मला त्याचा हात जाताना पाहण्याचीच तयारी झाली होती. पण दुसऱ्या होलवर त्याने बर्डी केली, तिसऱ्यावर केली, चौथ्यावर केली. चौथ्यावर मिकेल्सनने ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) मारला. सहाव्यावर पुन्हा बर्डी, पोस्टेज स्टॅम्पवर बर्डी, दहाव्यावर बर्डी. अकराव्यावर रेल्वेच्या कडेने चालताना एक फटका गेला आणि दोघे बरोबरीत आले. त्या दिवशी मिकेल्सनने एकही चूक केली नाही, हे विसरता कामा नये. ६५ ची, एकही बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) नसलेली फेरी. इतर कुठल्याही वर्षी ती त्याला चषक देऊन गेली असती. गाण्यात दोन गायक एकमेकांना चढवत नेतात, जुगलबंदी म्हणावी तर ती खरे म्हणजे स्पर्धा नसते आणि स्पर्धा म्हणावी तर तेवढीच नसते, तसे काहीसे त्या दोघांचे चालले होते.

चौदाव्यावर स्टेन्सनने बर्डी करून आघाडी घेतली. पंधराव्यावर ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, एका कडेवरून, सुमारे पन्नास फुटांवरून, त्याने पट मारला. चेंडू चढावरून वळत वळत निघाला, मध्येच थांबतोसे वाटले, आणि भोकात गेला. स्टेन्सनने मूठ हवेत हाणली. त्या दिवसातला त्याचा तेवढाच काय तो उघडा आनंद. सोळाव्यावर आणखी एक बर्डी. अठराव्यावर टीवरून मारलेला चेंडू वाळूच्या खड्ड्याच्या, बंकरच्या, तोंडाशी जाऊन कसाबसा थांबला, आणि तिथूनही त्याने शेवटचा पट घातलाच. दहा बर्डी, दोन बोगी, ६३ फटके. चार फेऱ्यांची बेरीज २६४, पारपेक्षा २० ने कमी, ब्रिटिश ओपनमध्ये तोवर कोणी न गाठलेली. मेजर जिंकताना शेवटच्या दिवशी ६३ खेळणारा त्याच्याआधी एकच, १९७३ मध्ये ओकमाँटला जॉनी मिलर. तिसरा आलेला जे. बी. होम्स दुसऱ्या क्रमांकाच्या मिकेल्सनपेक्षाही ११ फटके मागे होता.

याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला टर्नबेरी आहे, जिथे १९७७ मध्ये टॉम वॉटसन आणि जॅक निकलॉस यांच्यात अशीच दोघांचीच लढत झाली होती आणि जिला चार दशके अजोड मानले गेले. त्या लढतीत हरलेल्या निकलॉसनेच मोठ्या मनाने म्हटले की आमच्या शेवटच्या दिवसापेक्षा या दोघांचा दिवस सरस होता. मला तुलनेत रस नाही. माझ्या लक्षात राहिले ते निराळे. त्या फेरीत कितीदा तरी स्टेन्सन टीवर थ्री वूड घेऊन उभा होता, आणि के क्लबचा तो मुलगा अजून त्याच्या आत कुठेतरी असणार, तो या ४० वर्षांच्या माणसाच्या खांद्यावरून चेंडूकडे पाहत असणार. हात परत येतो म्हणजे भीती जाते असे नाही. तिला बसायला एक जागा करून दिलेली असते इतकेच. मेजर जिंकणारा तो पहिला स्वीडिश पुरुष ठरला, बायकांनी हा टप्पा ओलांडल्यानंतर तब्बल २८ वर्षांनी.

महिन्याभरात रिओत, ऑलिंपिकमध्ये ११२ वर्षांनी परतलेल्या गोल्फमध्ये, शेवटच्या होलवर तो जस्टिन रोझच्या बरोबरीने आला आणि दोन फटक्यांनी हरून रौप्यपदक घेऊन गेला. गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी रायडर चषकात हीच जोडी एकत्र खेळून अमेरिकेला पुरून उरली होती.

इथवर थांबता आले असते तर लेख सोपा झाला असता. मार्च २०२२ मध्ये युरोपच्या रायडर चषक संघाचा कर्णधार म्हणून स्टेन्सनची निवड झाली, रोममध्ये २०२३ मध्ये होणाऱ्या लढतीसाठी. हा मान मिळवणारा तो पहिला स्वीडिश. ज्या खेळाडूला के क्लबवरच्या एका पटने ओळख दिली, त्याला याहून योग्य खुर्ची नव्हती. चार महिन्यांनी, २० जुलैला, त्याचे कर्णधारपद काढून घेतले गेले, कारण सौदी अरेबियाच्या सरकारी निधीवर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ या नव्या लीगमध्ये तो दाखल झाला होता आणि कर्णधारपदाच्या कराराशी ते जुळत नव्हते. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांत न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरला त्या लीगमधली आपली पहिलीच स्पर्धा त्याने जिंकली आणि तीन दिवसांच्या खेळाचे ४० लाख डॉलरहून अधिक नेले. पुढच्या वर्षी त्याने युरोपियन टूरचे सदस्यत्वही सोडले.

यावर मत देणे सोपे आहे आणि म्हणूनच मी बराच काळ ते लांबवले. ज्याची बचत एका ठगाने बुडवली त्या माणसाने ४६ व्या वर्षी पैशाकडे पाहिले, याचा मला राग येत नाही. पुण्यात जन्मलेला आपला अनिर्बन लाहिरीही त्याच सुमारास त्या लीगमध्ये गेला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी नाक मुरडले होते? निधी कुणाचा आणि तो खेळात का ओतला जातो, हा प्रश्न खरा आहे, पण तो एकट्या खेळाडूच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे होतो. मला खुपते ते दुसरेच. लीगमध्ये जायचे होते तर जायचे, पण मार्चमध्ये कर्णधारपदाचा शब्द द्यायचा नव्हता. पहिल्यांदा हात गेला तेव्हा त्यात त्याचा दोष नव्हता. दुसऱ्यांदा पैसा गेला, तो दुसऱ्याच्या लबाडीने. या तिसऱ्या वेळी त्याचे काही गेले नाही, त्याने ते हातचे सोडले. आणि जे आपण होऊन सोडले ते डोळे मिटून महिनोन्‌महिने सराव करून परत येत नाही, कारण ते हातात नव्हतेच, ते लोकांच्या मनात होते.

त्याच्या जागी ल्यूक डोनाल्डला नेमले गेले. ३० सप्टेंबर २०२३ च्या सकाळी रोमच्या मार्को सिमोने मैदानावर युरोपकडून लुडविग ओबेर्ग नावाचा २३ वर्षांचा मुलगा खेळायला उतरला. स्वीडनच्या दक्षिणेकडच्या एस्लोव्हचा, व्यावसायिक होऊन जेमतेम चार महिने झालेला, तोवर एकही मेजर न खेळलेला. नॉर्वेच्या व्हिक्टर होव्हलंडबरोबर त्याने स्कॉटी शेफलर आणि ब्रूक्स केप्का या जोडीला हरवले, सात होल शिल्लक असताना नऊ होलांच्या आघाडीने. अठरा होलांच्या सामन्यात रायडर चषकात इतका मोठा विजय कोणी मिळवला नव्हता. शेफलरच्या डोळ्यांत पाणी आले. रविवारी युरोपने चषक जिंकला, साडेसोळा विरुद्ध साडेअकरा.

मी तो सामना पूर्ण पाहिला. ओबेर्ग टीवर ड्रायव्हर घेऊन उभा राहायचा, फारसे न रेंगाळता मारायचा, आणि चेंडू फेअरवेच्या मध्यात पडण्याआधीच चालू लागायचा. त्याचा हात अजून एकदाही गेलेला नाही, हे त्याच्या चालण्यातून कळत होते. कॅमेरा मधूनमधून कर्णधाराच्या गाडीकडे वळे. दर वेळी मी गाडीत कोण बसले आहे हे पाहायचो, माहीत असूनही.